पांढऱ्यातला निळा

साबणाचा फेस उजव्या डोळ्यात गेला म्हणून तिनं तो घट्ट मिटून घेतला आणि डाव्या डोळ्यानं चाचपडत खुंटीवरचा टॉवेल ओढला. टॉवेल पांढरा होता. निदान काल तिनंच घडी मोडून अडकवला तेव्हा तरी पांढरा होता. आता तो चहाच्या पाण्यात बुडवून वाळवल्यासारखा दिसत होता. लेकीनं कशालातरी पुसला असणार, असं मनात म्हणत तिनं तोंड पुसलं, उजवा डोळा उघडला, आणि टॉवेल पुन्हा पांढरा झाला. नीळ घातलेला, स्वच्छ, कोरा. तिनं उजवा मिटला. पिवळट. डावा मिटला. पांढरा. मग भिंतीवरच्या फरशा, मग बादलीची कड, मग स्वतःचा तळहात. नळ वाहत राहिला. जणू त्या एवढ्याशा न्हाणीघरात दोन बायका उभ्या होत्या आणि टॉवेलच्या रंगावरून त्यांचं काही केल्या पटत नव्हतं. बाहेरून नवऱ्यानं दारावर टकटक केली. "अगं, आत झोपलीस की काय?" तिनं नळ बंद केला आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून बाहेर आली. दोन्ही उघडे असले की काही कळत नव्हतं. इतके दिवस कळलं नव्हतं ते ह्याचमुळं.

रंगाच्या कारखान्यात ती रंग जुळवायची. कुणी फुटकी फरशी घेऊन यायचं, कुणी दाराचा ढलपा, कुणी आईच्या जुन्या साडीचा काठ, आणि म्हणायचं, हाच रंग पाहिजे, हुबेहूब. ती तुकडा खिडकीच्या उजेडात धरायची, एकदा बघायची आणि मिसळणाऱ्याला सांगायची, काळा थेंबभर, लाल त्याहून कमी. तिला शिकवणारा म्हातारा फोरमन म्हणायचा, पोरी, पहिल्या नजरेला विचार, दुसरी नजर वाद घालते. तिची पहिली नजर कधी चुकली नव्हती. कारखान्यात तिला सगळे 'घार' म्हणायचे, अगदी पगार वाटणाऱ्या कारकुनापर्यंत, आणि तिला ते आवडायचं. पण कारखाना विकला गेला, नव्या मालकांनी रंग मोजणारं यंत्र आणलं, आणि महिनाअखेरीस तिची रंग जुळवायची खोली बंद होणार हे ठरलं. तिनं चार ठिकाणी शब्द टाकून ठेवला. बरेच दिवस कुणी विचारलं नाही आणि मग एकाच आठवड्यात दोन बोलावणी आली. तेव्हापासून घरात त्यांना 'स्थळं' म्हणायची पद्धत पडली होती. मोठं स्थळ म्हणजे मोटारींचे रंग बनवणारा शहराच्या टोकाचा प्रचंड कारखाना. तिथं यंत्रं होतीच, पण यंत्रानं पास केलेल्या रंगावर शेवटची नजर माणसाची लागायची, आणि ती नजर म्हणून त्यांना ती हवी होती. जवळचं स्थळ म्हणजे दोन गल्ल्या पलीकडची खोटे दात बनवायची कार्यशाळा.

"मोठ्या स्थळाला दीडपट पगार," नवरा पावाला लोणी फासत म्हणाला. रोज सकाळी तो हे नव्यानं मांडायचा, जणू काल कुणी ऐकलंच नव्हतं. "राहायला जागा. वर सगळ्या घराचा विमा. हिचं कॉलेज तिथून हाकेच्या अंतरावर. आणि जवळच्याकडं काय? चालत जाता येतं. एवढंच ना?"

"दुपारी जेवायला घरी येता येतं," ती म्हणाली.

"दुपारचं जेवण दीडपट पगाराला पडणार मग."

लेक हसली. मग हसू आवरून तिनं विचारलं, "आई, तुला कुठलं आवडलं पण?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं, तिनं स्वतःलाही नाही. तिनं लेकीकडं पाहिलं आणि पाहता पाहता उजवी पापणी आपसूक मिटली. लेकीचा पांढरा सदरा जुना झाला. "डोळ्यात काही गेलंय का?" लेकीनं विचारलं. "साबण," ती म्हणाली.

नवऱ्याला सांगायचं नाही, हे तिनं तेव्हाच ठरवलं. तो घाबरेल म्हणून नव्हे. तो काय म्हणेल हे तिला शब्द न् शब्द माहीत होतं म्हणून. काही वर्षांपूर्वीपर्यंत तो शहराची बस चालवायचा. एकदा सिग्नलला थांबलेला असताना त्याच्या डोळ्यांपुढं क्षणभर अंधारी आली. गाडी उभीच होती, कुणाला खरचटलं नाही, मागच्या प्रवाशांना तर कळलंही नाही. पण तो घरी आला तो गप्प, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन सांगून आला. तपासण्या झाल्या. साहेबांनी पाठ थोपटली. मग त्याला स्टिअरिंगवरून उठवून डेपोतल्या चौकशीच्या खिडकीत बसवलं. "आधी शाबासकी मिळाली, मग खिडकी मिळाली," असं तो पाहुण्यांना हसत सांगायचा, आणि पाहुणे हसायचे. ती हसायची नाही. खिडकीत बसून त्याचे खांदे कसे आत वळत गेले ते तिनं पाहिलं होतं. बसमध्ये बसायची वेळ आली की तो शेवटच्या बाकावर जायचा, चालकाचे हात दिसणार नाहीत असा. आता तो म्हणणार, गप्प बस. एक अक्षर बोलू नकोस. मी बोललो त्याचं काय झालं बघितलंस ना? आणि त्यानं एकदा तसं म्हटलं, तर तिला गप्प बसावंच लागेल. मग ते गप्प बसणं दोघांचं होईल. आत्ता ते फक्त तिचं होतं. त्यातल्या त्यात हलकं.

शनिवारची सुट्टी होती; दुपारी ती जवळच्या स्थळी, दातवाल्या बाईंकडं गेली. कबूल केलं होतं म्हणून, आणि घरात बसवेना म्हणूनही. रस्त्यानं जाताना तिचा चाळा चालूच होता, एक पापणी, मग दुसरी. दिव्याचा खांब, दुधाची गाडी, शाळेची भिंत. लाल लालच राहत होता, हिरवाही फारसा दगा देत नव्हता. निळा मात्र डाव्या डोळ्यात बुडत होता. आणि पांढऱ्यात निळा किती असतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? एखादा माणूस समोरून आला की ती दोन्ही डोळे टक्क उघडायची, चोरी पकडली गेल्यासारखी. कधीपासून असेल हे? गेल्या महिन्यात दिलेला तो फिकट राखी रंग बरोबर होता ना? आणि त्या आधीचा मोतिया? गिऱ्हाईक परत आलं नव्हतं. पण गिऱ्हाईक परत येत नाही त्याला शंभर कारणं असतात. एकेक रंग आठवायचा आणि आठवणीत तो आधी पांढरा, मग पिवळा होऊन जायचा. वीस-बावीस वर्षं केलेलं काम मागं जाऊन कुणीतरी हळूहळू मळवत होतं.

दातवाल्या बाई पासष्टीच्या, पोलादी केसांच्या, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. कार्यशाळेत मेण तापल्याचा वास होता आणि ट्रेमध्ये दातांच्या रांगा मांडलेल्या. "ये गं. बस. लोकांना वाटतं दात पांढरे असतात," त्या कुणाला उद्देशून नाही अशा म्हणाल्या. "पांढरा दात फक्त जाहिरातीत. खरा दात मुळाशी पिवळा, टोकाशी निळसर आणि मधे तुझ्या नशिबात असेल तो. शेजारच्या दाताशी जुळला नाही तर माणूस आयुष्यभर तोंडावर हात ठेवून हसतो. माझी पोरं ट्रेवरचे नंबर बघून जुळवतात. मला नजर पाहिजे." त्यांनी पगाराचा आकडा पुन्हा एकदा सांगितला. गेल्या वेळेपेक्षा वाढला नव्हता. "मोठ्या लोकांनी बोलावलंय म्हणे तुला?"

"हो बाई. सोमवारी परीक्षा आहे."

"मग तिकडंच जाशील. मी रागावणार नाही. पण आत्ता तुझा चेहरा दोन स्थळं चालून आलेल्या बाईचा नाही दिसत. काय खुपतंय?"

दात तिच्याकडं बघत होते. तिनं तोंड उघडलं. शब्द जिभेवर आला होता, अगदी टोकावर. "काही नाही," ती म्हणाली, "झोप नीट झाली नाही." बाईंनी भिंग डोळ्याला लावून तिच्याकडं पाहिलं, की ट्रेकडं, ते कळलं नाही.

संध्याकाळी ती अनोळखी भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेली. तरुण डॉक्टर होता, हात थंड होते त्याचे. अंधार करून तो तिच्या डाव्या डोळ्यात बराच वेळ प्रकाश घालून बघत राहिला आणि ती त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत राहिली. मोतीबिंदू, तो म्हणाला, वयाच्या मानानं लवकर आलाय, पण येतो काहींना. उजवा अजून छान आहे. घाबरायचं कारण नाही, सोयीनं काढून टाकू. मग हात पुसत त्यानं सहज विचारलं, "काम काय करता?"

"शिवणकाम," ती म्हणाली.

"मग काही अडत नाही."

ती जिना उतरू लागली. मोतीबिंदूचं काही वाटलं नव्हतं. मोतीबिंदू म्हणजे नाव असलेली, काढून टाकता येणारी वस्तू. पण 'शिवणकाम' हा शब्द तिच्या तोंडून इतका अलगद, इतका आधीपासून शिवून ठेवल्यासारखा निघाला होता की ती मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभी राहिली. त्या अनोळखी माणसाशी खोटं बोलून मिळणार काय होतं? काहीच नाही. म्हणजे ही सोमवारची तालीम होती.

रविवार तिनं मनाशी वकिली करण्यात घालवला. उजवा डोळा शाबूत आहे. उजव्यानं जे दिसतं ते खरं आहे. मग एका डोळ्यानं खरं बघून सांगितलं तर ते खोटं कसं होईल? ऑपरेशन होईपर्यंतचाच प्रश्न. पण रुजू झाल्यावर लगेच रजा कशी मागायची? मागायची, आई आजारी आहे म्हणून. आई जाऊन किती वर्षं झाली ते त्यांना कुठं माहीत? असं एक खोटं दुसऱ्याला हात देऊन वर ओढून घेत होतं. आणि जवळच्या स्थळी? तिथंही सांगितलं नाही तर तिथलंही तेच. पण तिथं पगार कमी, म्हणून खोटंही कमी, असा एक वेडगळ हिशेब तिच्या डोक्यात दिवसभर फिरत राहिला. कपड्यांना इस्त्री करताना ती पांढरे कपडे बाजूला ठेवत गेली आणि शेवटी त्यांचाच ढीग उरला. नवरा हॉलमध्ये लेकीला सांगत होता, तिथल्या घरांना म्हणे गच्ची असते. त्याच्या आवाजात कितीतरी दिवसांनी गाडी चालत असल्यासारखी लय आली होती. तिनं इस्त्री उभी केली. मोठं स्थळ आता नुसता पगार राहिला नव्हता. त्या आवाजाचीही किंमत त्यात धरायला हवी होती, आणि ती कशाच्या समोर मांडायची हे तिला कळेना.

सोमवारी मोठ्या कारखान्यात तिला उत्तरेकडच्या खिडकीच्या खोलीत बसवलं. रंग विभागाचे प्रमुख स्वतः परीक्षा घेत होते: उंच, वाकलेले, कानांवर पांढरे केस, बोलणं हळू. त्यांचं नाव ती कामाला लागल्यापासून ऐकत आली होती. त्या धंद्यात त्यांचा शब्द शेवटचा होता. त्यांनी लाकडी पेटी उघडून समोर ठेवली. आत छोटी रंगीत टोपणं. गुलाबीपासून हिरव्यापर्यंत, हिरव्यापासून निळ्यापर्यंत, प्रत्येक शेजाऱ्यापेक्षा केसभर वेगळं. ती विस्कटलेली, ती ओळीनं लावायची. "सावकाश," ते म्हणाले. तिनं डावं कोपर टेबलावर टेकलं, विचारात पडलेल्या बाईसारखा गाल तळहातावर ठेवला आणि बोटं अशी वर सरकवली की डावा डोळा झाकला जावा. हे तिनं आरशासमोर करून पाहिलं होतं. मग उजवा हात आपला आपण चालू लागला. निळ्यांच्या ओळीत एकदाच थांबला, एका टोपणावर, आणि पहिल्या नजरेनं सांगितलं ते करून पुढं गेला. पाठीमागं प्रमुखांचे बूट करकरले. मानेवर घामाचा एक थेंब हळूहळू उतरत गेला आणि ती तो पुसू शकत नव्हती, कारण एक हात गालावर होता आणि एक रंगांत.

प्रमुखांनी पेटी उलटी करून टोपणांमागचे आकडे पाहिले. "एकही चूक नाही," ते म्हणाले. त्यांनी तिच्याकडं आदरानं पाहिलं तशी तिनं गालावरचा हात खाली घेतला. झालं. मिळालं. गच्ची मिळाली, विमा मिळाला, नवऱ्याचा आवाज मिळाला.

तेवढ्यात दार उघडून उत्पादनाचे साहेब आले, मागं पाळीवरची एक मुलगी, हातात दोन रंगवलेले पत्रे. साहेब चिडलेले होते. "मालाची गाडी दारात उभी आहे. यंत्र म्हणतं चालेल, तुम्ही सकाळी म्हणालात जुळतं, आणि ही म्हणते नाही जुळत. काय ते एकदाचं ठरवा."

"जुळतं," प्रमुख शांतपणे म्हणाले. मग, बहुधा नव्या माणसाचा मान म्हणून, पत्रे तिच्यापुढं केले. "बाई, तुम्हीच सांगा. जुळतं ना?"

दोन्ही पत्रे पांढरे, यंत्रालाही फसवणारी मोत्याची झाक असलेले. तिनं ते खिडकीशी धरले आणि पहिल्या नजरेतच तिला दिसलं, एकात निळा कमी पडलाय. थोडा नाही, चांगलाच. हे न दिसणं शक्यच नव्हतं. तिला नवल वाटलं. धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या नजरेला हे दिसू नये? आणि मग, कशानं कोण जाणे, तिनं उजवा डोळा मिटला. पत्रे एक झाले. एकाच साच्यातून निघाल्यासारखे, तंतोतंत. जुळतं. तिनं मान वर केली. प्रमुख तिच्याकडं बघत होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत, बाहुल्यांच्या मागं, अगदी पुसट धुरकट छटा होती. तिचा डावा डोळा जे बघत होता तेच ते दोन्ही डोळ्यांनी बघत होते, केव्हापासून कुणास ठाऊक, आणि त्यांच्याकडं दुसरं काही बघणारा डोळाच नव्हता. त्यांना माहीत तरी होतं का? "जुळतं ना?" त्यांनी पुन्हा विचारलं, पण ह्या वेळी आवाज किंचित घसरला, आणि तिला कळलं, त्यांना शंका आहे. कदाचित बऱ्याच दिवसांपासून. म्हणूनच तर ते नवी नजर शोधत होते.

पाळीवरची मुलगी श्वास रोखून उभी होती. साहेब घड्याळ बघत होते. 'जुळतं' म्हटलं असतं तर त्या क्षणी ती, प्रमुख आणि साहेब तिघंही सुटली असती. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तर ती घार ठरली असती आणि तो वाकलेला माणूस सगळ्यांसमोर आंधळा. विचार करायला वेळ नव्हताच. तिचा हात वर गेला आणि तिनं उघडउघड डावा डोळा झाकला.

"ह्या डोळ्यानं बघितलं तर जुळत नाही. निळा कमी आहे," ती म्हणाली. मग हात बदलला. "ह्या डोळ्यानं बघितलं तर जुळतं. हा डोळा बाद आहे माझा. मोतीबिंदू आहे. निळा खातो तो. मघाशी परीक्षेत मी हाच झाकला होता."

आपलाच आवाज तिला लांबून आल्यासारखा वाटला, भीतीच्या पलीकडून. मग साहेब म्हणाले, "म्हणजे गाडी थांबवायची," आणि तिच्याकडं न बघता, "आणि ह्यांचं मग बघू. कळवू आपण." ते गेले. मुलगी त्यांच्या मागं गेली, पण दारात थांबून तिनं एकदा वळून पाहिलं. प्रमुख पत्रे हातात घेऊन खिडकीशी उभे राहिले. तिनं पर्स उचलली.

ती फाटकाच्या बाहेर पोचली तेव्हा मागून जड पावलांचा आवाज आला. प्रमुख उन्हात आले होते, टोपी न घालता. "कळवू म्हणालेत ते कळवणार नाहीत," ते म्हणाले. "मी सांगून बघेन. पण माझ्या सांगण्याला आजपासून किती वजन उरेल, माहीत नाही."

"असू दे साहेब."

ते जाईनात. शेवटी रस्त्याकडं बघत, पत्ता विचारणाऱ्या वाटसरूसारखे म्हणाले, "तुमचे डॉक्टर कुठं बसतात?" तिनं सांगितलं. त्यांनी ते पुटपुटत दोनदा म्हटलं, पाठ करत असल्यासारखं. मग विचारलं, "दुखलं का? तपासताना?"

"नाही. हात तेवढे थंड आहेत त्यांचे."

बसथांब्याच्या बाकावर बसून तिनं आधी दातवाल्या बाईंना फोन लावला आणि नमस्कार-चमत्कार न करता सगळं सांगून टाकलं. पलीकडं बारीक यंत्राचा गुणगुणता आवाज होता, तो थांबला. "ऑपरेशन कधी?" बाईंनी विचारलं.

"ठरवलं नाही. आता लवकरच."

"करून घे आणि ये. तोवर एका डोळ्यानं काम कर, माझी पोरं दोन असून बघत नाहीत. आणि ऐक, मोठं स्थळ गेलं म्हणून मी पगार कमी करणार नाही. वाढवणारही नाही."

"बरं बाई."

नवऱ्याचा नंबर लावायला तिला वेळ लागला. फोन उचलताच तो म्हणाला, "झालं?" आणि त्या एका शब्दात गच्ची होती. तिनं सांगितलं: टॉवेल, डॉक्टर, टोपणं, पत्रे. डेपोतला गलबला तेवढा ऐकू येत होता, गाड्यांचे भोंगे, कुणाचं तरी रडणारं मूल.

"शनिवारपासून माहीत होतं तुला?"

"हो."

"मला नाही सांगितलंस."

"तुम्ही गप्प बस म्हणाला असता."

"म्हणालो असतो," तो म्हणाला. आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. "आणि तू बसली असतीस. बसली असतीस का?"

"माहीत नाही."

"सही झाल्यावर सांगितलं असतंस तर, अगं? चार दिवसांनी? फक्त चार दिवस..." त्याचं वाक्य तुटलं. समोरून एक पांढरी मोटार गेली आणि तिनं ती दोन्ही डोळ्यांनी पाहिली. एकाएकी तिला रडू आलं, दोन दिवस अडकून पडलेलं. तो ते ऐकत होता. पलीकडं खिडकीच्या काचेवर कुणीतरी नाणं आपटलं, एकदा, दोनदा, मग तिसऱ्यांदा जोरानं. "ओ चौकशी! गाडी सुटणार कधी?"

"थांबा," तिचा नवरा त्या माणसाला म्हणाला. इतक्या मोठ्यानं त्याला बोलताना तिनं वर्षानुवर्षं ऐकलं नव्हतं. "थांबा जरा. बायकोशी बोलतोय." मग खुर्ची सरकल्याचा आणि काच ओढून लावल्याचा आवाज आला, गलबला दूर गेला, आणि तो फोनच्या अगदी जवळ येऊन म्हणाला, "हं. बोल."